मामाचा उजवा गाल

माझा मामा एसटीत ड्रायव्हर होता. रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली तरी त्याचा उजवा गाल डाव्यापेक्षा काळा आहे, आणि उजव्या हाताचं तर विचारूच नका, कोपरापासून खाली तो हात दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो. जन्मापासून मी हा माणूस बघतेय पण ही गोष्ट नीट दिसली ती त्याला पोर्ट्रेटसाठी समोर बसवलं तेव्हा. आणि मग जे साधंसं पेन्सिल पोर्ट्रेट करून मोकळं व्हायचं ठरलं होतं ते रंगात करावं लागलं, पेस्टल, वॉटरकलर, शाई, पोस्टर कलर आणि शेवटी एसटीची तिकिटं पण, म्हणजे ज्याला मिक्स मीडिया म्हणतात ते सगळं.

रंगातच का, तर त्याचं कारण जरा गमतीशीर आहे. दोन गाल दोन रंगाचे दाखवायचे तर उजेड कुठून घ्यायचा? मामाच्या डाव्या बाजूने घेतला तर उजवा गाल सावलीत जातो, आणि मग बघणाऱ्याला वाटणार की सावली आहे म्हणून काळा दिसतोय, उन्हाने रापलाय हे कुणाला कळणारच नाही. समोरून घेतला तर चेहरा सपाट, पासपोर्ट फोटोसारखा. मग उरतो उजव्या बाजूचा उजेड, म्हणजे बसच्या खिडकीतून जसा यायचा तसाच. पण त्यात काय होतं की काळा गाल उजेडात आला की उजळतो आणि गोरा गाल सावलीत गेला की गडद होतो, आणि दोघांचा टोन, म्हणजे गडद-फिकटपणा, जवळजवळ सारखा होऊन बसतो! मी मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करून बघितला तर खरंच दोन्ही गाल एकाच करड्या रंगाचे. पेन्सिलने केलं असतं तर मामाची सगळी नोकरी त्या करड्यात गेली असती. फरक उरला होता तो फक्त रंगाचा, एक गाल तांब्यासारखा तापलेला आणि दुसरा थंड, हिरवट जांभळट.

बरं आता पेस्टल म्हटलं की आपल्याकडे लोकांना आठवतात ते शाळेतले ऑइल पेस्टल, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला घासघासून संपवलेले. ते वेगळे. त्यात रंगाची पूड मेण आणि न वाळणाऱ्या तेलात घोटलेली असते, म्हणून ते चिकट असतात आणि कागदावर पूर्ण असे कधी वाळतच नाहीत. मी वापरले ते सॉफ्ट पेस्टल. यात रंगद्रव्य, थोडी खडूसारखी पांढरी पूड आणि कांडी धरून राहील इतपतच डिंक, बस. त्यामुळे रंग एकदम झगझगीत दिसतो कारण मध्ये तेल नाही, वार्निश नाही, काही नाही. तोटा असा की हात लागला की गेला. एकमेकांवर चालवायचे असतील तर सॉफ्टवर ऑइल थोडंफार चालतं, पण ऑइलवर सॉफ्ट अजिबात बसत नाही, घसरतो, त्यामुळे क्रम आधी ठरवून घ्यावा लागतो. माझ्याकडे मुंग्यो कंपनीचे अर्ध्या कांड्यांचे आहेत (हो हेच नाव आहे, कोरियन कंपनी, घरात सगळ्यांचं हसून झालंय), थोडे सुटे रेम्ब्रँट ब्रँडचे घेतलेत, आणि डोळ्यांसाठी आणि मिशीसाठी पेस्टल पेन्सिली. सुटे घ्यायचे असतील तर महागडे उजळ रंग घेऊ नका, गडद घ्या. स्वस्त सेटमध्ये पन्नास गुलाबी पोपटी असतात आणि खरा गडद तपकिरी, गडद जांभळा, इंडिगो यांची बोंब असते.

कागदाचं पण सांगते कारण यावरच अर्धं काम अवलंबून आहे. पेस्टलला धरायला दात लागतात, म्हणजे खरखरीतपणा. कॅन्सनचा मी-टॅन्त कागद सगळे वापरतात, १६० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये, म्हणजे कागदाची जाडी कळते), रंगीत मिळतो, त्याची एक बाजू मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार आणि दुसरी जरा बारीक दाण्याची. चेहऱ्याला बारीक दाण्याची बाजू बरी, नाहीतर मामाच्या गालावर जाळी उमटते. पण मला खाली पाण्याचे रंग मारायचे होते आणि १६० चा कागद पाणी लागलं की पापडासारखा फुगतो. म्हणून ३०० जीएसएमचा वॉटरकलरचा कागद घेतला, हाफ इम्पिरियल म्हणजे १५ बाय २२ इंच, बोर्डावर चारी बाजूंनी टेप लावून पक्का केला. त्यावर आधी वॉटरकलर आणि तो वाळल्यावर पारदर्शक जेसो, म्हणजे रंग धरायला कागदावर लावायचा अस्तराचा थर. या जेसोत बारीक कण असतात, वाळला की हाताला झीरो नंबरच्या पॉलिश पेपरसारखा लागतो आणि खालचा रंग तसाच दिसत राहतो.

मामाला बसवणं हे एक वेगळंच प्रकरण. ज्या माणसाने आयुष्यभर बसून काम केलं तो खुर्चीत दहा मिनिटं बसेना. सारखी नजर उजवीकडे जायची, म्हटलं मामा समोर बघ ना, तर म्हणतो "अगं आरशात बघायची सवय हाय गं, काय करू." मग मी तसंच ठेवलं, मान समोर आणि बुबुळं किंचित उजवीकडे, आणि खरं सांगायचं तर तिथेच तो मामा वाटायला लागला. याच बैठकीत मी त्याला गालाचं विचारलं. मला वाटलेलं की ड्रायव्हरची खिडकी उजव्या बाजूला असते म्हणून, सोपंय. तो म्हणाला "नुसतं तेवढंच न्हाय. माझी ड्युटी सातारा-स्वारगेट. सकाळी गाडी काढली की तोंड उत्तरंला, म्हंजी सूर्य उजव्या हाताला. दुपारी परत निघालो की तोंड दक्षिणंला, तवर सूर्य गेला पश्चिमंला, म्हंजी परत उजव्याच हाताला. डाव्या गालाला ऊन म्हाइतीच न्हाय माझ्या." मी हातातला कोळसा खाली ठेवून हवेत नकाशा काढून बघितला आणि बरोबर आहे की! जाताना पण उजवीकडे, येताना पण उजवीकडे. सकाळी सोलापूरला जाऊन दुपारी परत येणारा ड्रायव्हर असता तर त्याला दोन्ही वेळेला ऊन समोरून, थेट कपाळावर. म्हणजे साताऱ्याच्या डेपोत नुसत्या चेहऱ्यावरून रूट ओळखता आला असता. एवढं ऐकल्यावर तो गाल चुकवून चालणार नव्हतं.

ड्रॉइंग कोळशाने केलं आणि कपड्याने झटकून नुसती पुसटशी खूण ठेवली, कारण कोळसा पेस्टलमध्ये मिसळला की सगळं मळकं होतं. त्यावर वॉटरकलरचा पहिला हात. इथे मी उलटे रंग मारले, म्हणजे जो गाल शेवटी तांबूस व्हायचाय त्याच्याखाली निळसर हिरवा आणि जो सावलीतला थंड गाल आहे त्याच्याखाली बर्न्ट सिएना, म्हणजे लालसर तपकिरी. घरातल्यांनी बघितलं तेव्हा मामा हल्कसारखा दिसत होता. पण यात नवीन काही नाही, इटलीतले जुने चित्रकार चेहऱ्याखाली हिरवी माती लावायचेच. चौदाव्या शतकातली इटलीच्या सिएना शहरातली चित्रं बघा, कित्येक मेरींचे चेहरे आज हिरवट दिसतात कारण वरचा गुलाबी थर काळाच्या ओघात झिजला आणि खालचा हिरवा वर आला. विरुद्ध रंग खाली असला की वरच्या रंगाच्या फटीफटीतून तो डोकावत राहतो आणि कातडी जिवंत वाटते. सपाट तपकिरी भरली तर चेहरा लाकडी होतो, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

आणि इथे एक राग पण काढून घेते. खडूंच्या डब्यात तो एक फिकट गुलाबी-पिवळट खडू असायचा बघा, ज्याला आपण सगळे "स्किन कलर" म्हणायचो. कुणाची स्किन? वर्गातल्या एकाचीही नाही. अमेरिकेत क्रेयोलाने १९६२ साली त्यांच्या "फ्लेश" खडूचं नाव बदलून "पीच" केलं, आणि आपल्याकडे आजही पोरं आई-बाबांना त्याच रंगाने रंगवतात. पोर्ट्रेट सेट म्हणून जे पेस्टल मिळतात त्यातही बऱ्याचदा अर्ध्याहून जास्त कांड्या अशाच असतात. मामाच्या चेहऱ्यात तो रंग मला फक्त एका ठिकाणी लागला, खालच्या ओठाच्या चमकेला.

मग लागलं काय? उजेडातल्या गालाला गडद लाल तपकिरी, त्यावर ऑरेंज, वीटकरी, आणि थोडा गेरू. कपाळ जरा पिवळट ठेवलं, नाक-गाल-कान लालसर आणि हनुवटीकडे दाढीच्या खुंटांमुळे निळसर करडं, चेहऱ्याचे हे तीन पट्टे चित्रकार लोक पूर्वीपासून मानतात आणि सावळ्या माणसात पण ते असतात, फक्त शोधावे लागतात. सगळ्यात मजा आली चमकेला. सावळ्या कातडीवर उजेड आला की चमक पांढरी नसते, समोर जे असेल ते ती दाखवते. खिडकीबाहेर आकाश होतं त्यामुळे मामाच्या गालफडावर आणि कपाळाच्या कडेला चक्क फिकट निळा-जांभळा लागला. कांडी हातात घेताना भीती वाटते की निळा काय लावतेय, पण लावला की ती निळी दिसतच नाही, ओलसर घामट चमक दिसते. तिथे पांढरा लावला असता तर पावडर लावल्यासारखं झालं असतं. सावलीतल्या गालाला ऑलिव्ह हिरवा, करडा जांभळा आणि मध्येमध्ये खालचा सिएना तसाच उघडा सोडला.

बोटाने घासायचं की नाही यावर लोक फार भांडतात. माझं मत, पहिल्या थराला घासा हवं तर, कागदाच्या खोबणीत रंग बसतो, पण वरचे थर घासू नका, रेघा राहू द्या. घासलं की कण दबतात आणि ती झगमग जाते, शिवाय लाल आणि हिरवा घासून एक केला की जो चिखल होतो तो कुठलाच देव साफ करू शकत नाही. फ्रेंच चित्रकार शार्दांने म्हातारपणी डोळ्यांचा त्रास व्हायला लागला तेव्हा तैलरंग बाजूला ठेवून पेस्टल हातात घेतले, १७७१ आणि १७७५ सालची त्याची स्वतःची पोर्ट्रेट्स लूव्रमध्ये आहेत, चष्मा लावलेली, डोक्याला फडकं गुंडाळलेली. त्याच्या गालावरच्या रेघा नेटवर मोठ्या करून बघा, लाल, निळे, हिरवे ओरखडे सरळ शेजारी शेजारी ठेवलेत आणि लांबून बघितलं की म्हाताऱ्याची कातडी.

आणि हे सगळं आपल्याला परकं आहे असं अजिबात नाही हं. दिवाळीत शाळेच्या हॉलमध्ये रांगोळी प्रदर्शनं भरतात ना, व्यक्तिचित्रांची, तिथे काय करतात? रांगोळीत लेक कलर मिसळून कोरडी पूड चिमटीने एकावर एक सोडतात, खालचा थर थोडा दिसेल अशी. माझ्या मते तर ते डिंक नसलेलं पेस्टलच आहे. मी शाळेत असताना एका काकूंना अशी रांगोळी काढताना तासन् तास बघत बसायचे, त्या चेहऱ्याची सावली करताना आधी हिरवी पूड टाकायच्या, आणि का टाकता विचारलं तर म्हणायच्या "नाहीतर मेल्यासारखा दिसतो." एवढं साधं उत्तर मला नंतर कुठल्या यूट्यूब व्हिडिओत मिळालं नाही.

कानाबद्दल थोडं. खिडकी मामाच्या किंचित मागे होती त्यामुळे उजव्या कानाच्या पाळीतून उजेड आरपार येत होता आणि ती लालभडक दिसत होती. हळदणकरांचं ते हातात दिवा घेतलेल्या मुलीचं जलरंगातलं चित्र आठवतंय का, "ग्लो ऑफ होप", म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात पण ते सावंतवाडीला जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं आहे. दिवा झाकणाऱ्या बोटांच्या कडा त्यात कशा लाल पेटल्यात! उजेड कातडीच्या आत शिरून रक्तातून बाहेर येतो तेव्हा हा रंग होतो. मी कानाला आधी वॉटरकलरने शुद्ध ऑरेंज-लाल मारला आणि वर पेस्टल जवळजवळ लावलाच नाही, फक्त कडेला एक गडद रेघ. मामीने चित्र पूर्ण झाल्यावर चेहरा वगैरे सोडून पहिल्यांदा कानच ओळखला, "ह्यो कान ह्यांचाच."

खाकी शर्टाला तिकिटं लावायची आयडिया तशी उशिरा आली. लहानपणी जमवलेली एसटीची तिकिटं माझ्याकडे एका कंपासपेटीत होती, मशीन यायच्या आधीची, कंडक्टर पेटीतून फाडून पंच करून द्यायचे ती, पातळ कागदाची, वेगवेगळ्या दराला वेगवेगळा रंग. ती शर्टाच्या जागी मॅट मीडियमने (चकाकी न येणारा अ‍ॅक्रिलिक चिकटद्रव) चिकटवली, खालून पण मीडियम आणि वरून पण, नाहीतर तो कागद इतका हलका की पुढे पिवळा पडून कडकड तुटेल. त्यावर परत पारदर्शक जेसो आणि मग खाकी रंगाचा पेस्टल हलकासा, म्हणजे जवळून बघितलं तर पंचाची भोकं आणि आकडे दिसतात, लांबून नुसता शर्ट. कागदाला कागद जोडणं म्हणजे चीटिंग असं एका ओळखीच्या सरांनी ऐकवलं. त्यांना म्हटलं फ्रेंच चित्रकार मोरिस कांताँ द ला तूरने फ्रान्सच्या राजाच्या प्रेयसीचं, मादाम द पाँपादूरचं, ते भलंमोठं पेस्टल पोर्ट्रेट केलं, १७५५ साली पॅरिसच्या सलों या चित्रप्रदर्शनात लागलेलं, ते पण कितीतरी कागद जोडूनच केलंय आणि चेहरा वेगळ्या कागदावर काढून नंतर बसवलाय. दगा तर दगा सही. चेहऱ्यावर मात्र तिकीट मी एकही येऊ दिलं नाही, ते जास्त झालं असतं.

काळा पेस्टल वापरलाच नाही. बुबुळं, नाकपुड्या, कॉलरच्या आतली फट हे आधीच काळ्या शाईने करून ठेवलेलं, त्यावर इंडिगो आणि गडद जांभळा. मिशी पांढरी आहे म्हणून पांढऱ्याने सुरुवात केली तर कापूस चिकटवल्यासारखी दिसते, आधी करड्या जांभळ्याने आख्खी मिशी आणि शेवटी मोजके चार-सहा केस पांढऱ्या पेन्सिलीने. डोळ्यातला ठिपका पांढऱ्या पोस्टर कलरचा, झीरो ब्रशने, कारण पेस्टलचा ठिपका इतका बारीक येतच नाही.

आता फिक्सेटिव्ह, म्हणजे पेस्टलची पूड कागदावर धरून ठेवणारा स्प्रे. स्प्रे मारला की उजळ रंग मंद होतात कारण त्यातली पांढरी पूड ओली झाली की पारदर्शक होते, रांगोळीवर पाणी सांडल्यावर जसं होतं. म्हणून मी मधल्या थरांवर लांबून हलका मारला आणि शेवटच्या थरावर काहीच नाही. हेअर स्प्रे वापरा म्हणून सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, पुढे पिवळं पडतं. स्प्रे बाल्कनीत मास्क लावूनच. आणि काम करताना बोर्ड उभा ठेवून खाली कागदाची पन्हळ करून लावा, उडालेली पूड त्यात पडते, फुंकर मारू नका, काही रंगद्रव्यं फुप्फुसात जाण्याच्या लायकीची नसतात.

फ्रेमवाला काच थेट चित्रावर टेकवायला निघाला होता. पेस्टलला काच टेकली की रंग काचेला जातो आणि पावसाळ्यात आत ओल धरून बुरशी येते ती वेगळीच, डिंक असतो ना त्यात. त्याच्याकडून डबल माउंट करून घेतला, मध्ये मोकळी जागा राहील असा. तो अ‍ॅक्रिलिक शीट लाव म्हणत होता, हलकी असते म्हणून, पण तिच्यात स्थिर वीज तयार होते आणि ती कण ओढून घेते, त्यामुळे साधी काचच. मामाने साताऱ्याच्या घरी टीव्हीच्या वर लावलंय, बाहेरच्या भिंतीला ओल येते म्हणून ती टाळली.

आता मामाबरोबर ड्युटी केलेले कंडक्टर काका मागे लागलेत की माझं पण काढ. त्यांचं आयुष्य गाडीच्या आत उभं राहून गेलं त्यामुळे दोन्ही गाल एका रंगाचे आहेत, पण जाड भिंगाचा चष्मा आहे आणि भिंगाच्या आत चेहऱ्याची कड तुटून आत सरकलेली दिसते, ती पेस्टलने कशी पकडायची याचा अजून विचार करतेय. तिकिटं मात्र थोडीच उरलीत, कुणाकडे जुनी पडली असतील तर कळवा, फाटकी चालतील.